रिकाम्या महिन्याचा हिशेब

ताई, नमस्कार.

माझं वय ४१. नोकरी पक्की आहे, पगार बरा आहे. माझं एक घर भाड्याने दिलेलं आहे, त्यावर आता कर्ज नाही. सहा वर्षांपासून एकच कुटुंब राहतंय. नवरा-बायको दोघं कमावते, एक शाळकरी मुलगी. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा होतं. चार वर्षांपूर्वी भाडं ठरलं ते ठरलं, त्यानंतर मी वाढवलं नाही. आता एजंट म्हणतो, बाजारात १२ टक्के जास्त सहज मिळेल, यांना काढा, महिन्याभरात दुसरे आणून देतो. (बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय म्हणून भाडेकरूंचे दोन फोन येऊन गेले, पण ते नंतर बघू.)

खरा प्रश्न दुसऱ्या घराचा आहे. एक घर विकायला आलंय, आत भाडेकरू आहे. विकणारा म्हणतो, किमतीच्या ६ टक्के भाडं वर्षाला येतं. भाडं साधारण माझ्या पहिल्या घराएवढंच. बँक ८० टक्के कर्ज द्यायला तयार आहे, २० वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी, बदलत्या दराने. मित्र म्हणतो, भाड्यातून हप्ता निघेल, २० वर्षांनी घर फुकटात पदरात पडेल. बायको म्हणते, थोडं थांबू या. तुम्ही काय म्हणता?

– एक वाचक

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्यामुळे दुसरं घर जरा बाजूला ठेवू आणि आधी त्या भिंतीकडे बघू.

मीही एकदा असंच 'नंतर बघू' म्हटलं होतं. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप ठिबकत होता. भाडेकरू नवराबायको शांत स्वभावाची. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा मी म्हटलं, "या रविवारी बघते." चौथा फोन आला तो घर सोडत असल्याचा. घर हातात आलं तेव्हा सिंकखालचं कपाट पाणी पिऊन फुगलं होतं, दार ओढलं तर बिजागरीसकट हातात आलं. नवं कपाट झालं, रंग झाला, आणि तीन महिने घर रिकामं राहिलं. प्लंबरने मूळ बिघाड दाखवला तेव्हा त्याच्या तळहातावर एक झिजलेला रबरी वायसर होता. त्या वायसरसाठी मी तीन महिन्यांचं भाडं मोजलं, कपाट वेगळंच.

तेव्हापासून मी भाड्याच्या घराचा सगळा हिशेब एकाच मापाने करते: रिकामा महिना. तुमच्या दोन्ही प्रश्नांना आज तेच माप लावणार आहे.

आता ओल. फोनवर भाडेकरूंना एवढंच विचारा की डाग कधी वाढतो. सकाळच्या आंघोळी झाल्या की वाढत असेल, तर संशय बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांवर किंवा नहाणी ट्रॅपवर, म्हणजे फरशीतून पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यावर घ्यायचा. पाऊस पडून गेल्यावर वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा खिडकीची कड बघायची. पाऊस असो-नसो, आंघोळ असो-नसो, डाग बारा महिने तसाच ओलसर असेल, तर भिंतीत गाडलेला नळाचा पाइप. त्याची खात्री करायला प्लंबरही लागत नाही. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करायचे, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा बघायचा. आकडा हलला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी मुरतंय. ज्या घराला स्वतःचा मीटर नाही तिथे ही युक्ती चालत नाही, मग टाकीची पातळी बघावी लागते आणि ते जरा जिकिरीचं होतं.

आणखी एक. डागावर हातभर प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीच्या बाजूने आले असतील, तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला आले असतील, तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी गार भिंतीवर जमतंय, आणि मग उपाय प्लंबर नाही, हवा खेळती ठेवणं आहे. कारण सापडायच्या आत रंगाऱ्याला मात्र बोलावू नका. ओलीवर मारलेला रंग काही महिन्यांत पोपडे धरतो आणि तुमचे पैसे दोनदा जातात. फरशीचाच संशय असेल तर ट्रॅप बुजवून बाथरूमच्या फरशीवर २४ तास पाणी तुंबवून ठेवतात. ते भाडेकरूंना एक दिवस गैरसोयीचं होतं, म्हणून आधी सांगून, त्यांना सोयीचा दिवस बघून करा.

दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न पत्रात नाही, पण मनात असणार. भिंत, पाइप, छत, वायरिंग म्हणजे घराची हाडं, ती मालकाची. काही करारांत किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे असते, पण भिंतीतली गळती किरकोळ नव्हे. सहा वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाशी तर यावर वाद घालायचाच नाही.

आता त्या कुटुंबाला काढायचं का, ते बघू.

एजंटचं खरं धरून चालू: १२ टक्के जास्त मिळतील. त्यासाठी काय जाईल? हे गेले की घर लगेच भरत नाही, एक महिना रिकामा धरा. एजंटचं कमिशन एक महिना. सहा वर्षं राहतं असलेलं घर नव्या माणसाला दाखवायचं तर रंग, फरशी, नळ यांत आणखी एक महिना सहज. झाले तीन महिने. १२ टक्के वाढ म्हणजे दर महिन्याला आताच्या भाड्याचा ०.१२ हिस्सा जास्त. तीन महिन्यांचं भाडं या चिमटी-चिमटीने भरून निघायला २५ महिने लागतात. म्हणजे दोन वर्षं एक महिना तुम्ही जिथे होता तिथेच, आणि तोवर नवा भाडेकरू सोडून गेला तर पुन्हा पहिल्यापासून. तो पाच तारखेच्या आत भाडं देईल याची हमी एजंट देणार नाही, हेही त्यात धरा.

एजंटवर रागावू नका. भाडेकरू बदलला तर त्याला कमिशन मिळतं, राहिला तर काहीच मिळत नाही. त्याचा सल्ला त्याच्या जागी बरोबरच आहे.

तरीही चार वर्षं भाडं न वाढवणं ही चूकच, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. दर वर्षी फक्त ३ टक्के वाढवलं असतं, तर चार वाढींनंतर भाडं आज साडेबारा टक्क्यांनी जास्त असतं. एजंट सांगतोय जवळजवळ तेवढंच, आणि कोणाला जाणवलंही नसतं. त्या न केलेल्या वाढीपायी आजवर साधारण सव्वादोन महिन्यांचं भाडं बुडालं. उलट बाजूला, दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलत राहिला असता तर या सहा वर्षांत दोनदा तीन-तीन महिने गेले असते. म्हणजे त्या कुटुंबाने तुमचे सहा महिने वाचवले आणि तुम्ही त्यातले सव्वादोन सोडून दिले. सौदा अजून तुमच्याच फायद्याचा आहे.

तेव्हा आता ६ टक्के वाढवा, पुढच्या वर्षी पुन्हा ६. दोन वर्षांत सव्वाबारा टक्क्यांच्या थोडं वर जाता. ज्या २५ महिन्यांत एजंटच्या वाटेने हातात शून्य पडतं, त्याच २५ महिन्यांत या वाटेने २.३ महिन्यांचं भाडं जास्त येतं, आणि घर एक दिवसही रिकामं राहत नाही. तोवर बाजारभाव आणखी वर जाईल कदाचित. जाऊ दे. शेवटचा रुपया काढण्याच्या नादात चांगला भाडेकरू घालवलेले घरमालक मी बरेच पाहिलेत.

फक्त क्रम चुकवू नका. आधी भिंत, मग वाढ. ओल तशीच ठेवून वाढीचं पत्र पाठवलंत, तर भाडेकरू त्याच रात्री दुसरी घरं बघायला लागतील. काम पूर्ण झालं की आठवड्याभराने, करार संपायच्या निदान दोन महिने आधी, काहीसं असं लिहा:

"नमस्कार. भिंतीचं काम झालं, पुन्हा ओल दिसली तर लगेच कळवा. तुम्ही घर चांगलं ठेवलंय आणि भाडं कधी थकवलं नाही, त्यामुळे तुम्हीच राहावं अशी आमची इच्छा आहे. चार वर्षांत भाडं वाढवलेलं नाही. नवीन करारापासून ६ टक्के आणि पुढच्या वर्षी ६ टक्के वाढ धरली आहे. घरात आणखी काही दुरुस्ती हवी असेल तर करारापूर्वीच सांगा, म्हणजे एकदमच करून घेऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका. वाढ मागताना समोरच्याच्या हातातही काहीतरी पडलं पाहिजे. ते घासाघीस करून ५ वर आले तर ५ घ्या आणि गप्प बसा. वाढीवर कायद्याची मर्यादा किंवा नोटिशीची ठरावीक मुदत ही ठिकठिकाणी वेगळी असते, तेवढं पत्र पाठवण्याआधी तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या.

आता दुसरं घर. इथे पैशांत बोललं की डोकं गरगरतं, म्हणून सगळं महिन्यांतच मोजू. एक माप म्हणजे त्या घराचं एका महिन्याचं भाडं.

६ टक्के भाडं याचा अर्थ घराची किंमत २०० महिन्यांच्या भाड्याइतकी. कर्ज ८० टक्के, म्हणजे १६० महिने. तुमच्या खिशातून ४०, आणि खरेदीचे कर, नोंदणी, वकील, किरकोळ डागडुजी मिळून आणखी दहाएक धरा. एकूण ५० महिने.

१६० महिन्यांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता बसतो दरमहा १.४४ महिने. म्हणजे भाडं एक येतं, हप्ता जवळजवळ दीड जातो. वर्षाचा हप्ता सव्वासतरा महिने, आणि वर्षात महिने बाराच. तुमच्या मित्राला एवढंच विचारा, की बारातून सव्वासतरा कसे निघतात.

आणि बाराही हातात पडत नाहीत. भाडेकरू सरासरी दोन वर्षांनी बदलतो असं धरलं तर वरचेच तीन महिने दोन वर्षांत विभागून वर्षाला दीड. इमारतीचा देखभाल खर्च एक. दुरुस्त्या एक. दुरुस्त्या दर वर्षी येत नाहीत, पण आल्या की पाच वर्षांचं एकदम घेऊन येतात, म्हणून दर वर्षी बाजूला काढायच्या. मालमत्ता कर आणि विमा मिळून अर्धा. झाले चार, उरले आठ. अमेरिकेतल्या छोट्या गुंतवणूकदारांत एक ढोबळ आडाखा आहे: कर्जाचा हप्ता सोडून बाकी खर्चात अर्धं भाडं जातं असं समजा. त्या हिशेबाने सहाच उरले असते. त्यांचा दुसरा आडाखा असा, की महिन्याचं भाडं किमतीच्या १ टक्का असेल तरच घराकडे बघायचं. तुमच्यापुढचं घर अर्ध्या टक्क्यावर आहे. आडाखे काही वेदवाक्य नव्हेत, आणि बऱ्याच ठिकाणी १ टक्क्याचं घर शोधूनही सापडत नाही. पण अर्ध्या टक्क्याच्या घरावर ८० टक्के कर्ज काढून ते भाड्यावर फिटेल असं म्हणणं आडाख्याच्या फार लांब गेलं.

विकणाऱ्याचे ६ टक्के खर्च वजा करता ४ होतात. आणि ४ टक्के देणारी वस्तू तुम्ही ९ टक्क्यांच्या पैशाने घेताय.

तूट किती? सव्वासतरा वजा आठ, सव्वानऊ महिने दर वर्षी. तुमच्या पहिल्या घराचं भाडं याच्याएवढंच आहे म्हणता. म्हणजे पहिल्या घरातून खर्च जाऊन जे काही उरतं, ते बहुतेक सगळं दुसऱ्या घराच्या पोटात जाणार. आज एक घर आहे आणि त्याचं उत्पन्न तुमच्या घरखर्चाला लागतं. उद्या दोन घरं असतील आणि उत्पन्न शून्याच्या आसपास असेल.

पहिल्या वर्षी भरलेल्या सव्वासतरा महिन्यांपैकी सव्वाचौदाच्या वर व्याज आणि कर्ज कमी होतं फक्त तीन महिन्यांनी. त्यात दर बदलता. तो दीड टक्क्याने चढला आणि मुदत तीच ठेवली, तर वर्षाचा हप्ता सतरावरून एकोणीसच्या पुढे जातो. बँका सहसा हप्ता वाढवण्याऐवजी मुदत लांबवतात. त्या महिन्यात बरं वाटतं, आणि दीड टक्क्याच्या चढीने २० वर्षांचं कर्ज गपचूप तीस वर्षांच्याही पुढे जातं.

"पण भाडं वाढत जातं, हप्ता तोच राहतो." मित्र हे म्हणणार, आणि यात तथ्य आहे. उरणारे आठ महिने दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर ते हप्त्याला गाठतात सोळा वर्षांनी. ७ टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांनी. तोवरची प्रत्येक वर्षाची तूट तुमच्या पगारातून. त्या काळात तुम्ही ५३ किंवा ५७ वर्षांचे व्हाल. नोकरी पक्की आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि मी ती पक्कीच धरते.

मग लोक अशी घरं घेतात ती का? भाव वाढेल म्हणून. भाड्याचं नाव घेतात, पण मनात असते ती भाववाढ. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, फक्त ते कागदावर लिहा. पहिल्या वर्षी व्याजातून निव्वळ भाडं वजा केलं तर सव्वासहा महिने उरतात. तुमचे ५० महिने दुसरीकडे समजा ६ टक्क्यांनी ठेवले असते तर तीन महिने आले असते, तेही बुडाले. सव्वानऊ महिने भरून निघायला २०० महिन्यांच्या घराची किंमत वर्षाला ४.६ टक्क्यांच्या आसपास वाढली पाहिजे. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो.

वाढेलही. काही भागांत त्याहून कितीतरी जास्त वाढलेली आहे. पण 'जमिनीचा भाव कधी उतरत नाही' हे ऐकलं की मला जपान आठवतं. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फुगा फुटला आणि जमिनीचे भाव दशकाहून अधिक काळ खाली येत राहिले. अमेरिकेत २००६ नंतर घसरलेल्या घरांच्या किमती २०१२ पर्यंत देशभराच्या सरासरीने पाव हिश्शाच्या आसपास उतरल्या. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी एक, रॉबर्ट शिलर, यांनी अमेरिकेच्या जुन्या किमती जुळवून पाहिल्या, तर १८९० ते १९९० या शंभर वर्षांत महागाई वजा जाता घरांची किंमत जवळपास जागच्या जागीच होती. तुमच्या भागात काय होईल ते यावरून कळत नाही. पण ८० टक्के कर्जावर घर घेतलं की किंमत १० टक्के उतरली तरी २०० चे १८० होतात, आणि तुमच्या ४० पैकी २० जातात. बँकेचे १६० तसेच.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करते. हप्ता चुकवता येत नाही, म्हणून माणूस बचत करतो. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही अशा दोन-तीन ओळखीच्यांकडे आज घर आहे ते केवळ हप्त्याच्या धाकाने. तुम्ही पहिलं कर्ज फेडून टाकलेले आहात, तुम्हाला त्या धाकाची गरज दिसत नाही.

तेव्हा माझं उत्तर: या भावाला, एवढ्या कर्जावर, हे घर घेऊ नका. तुमच्या पत्नी बरोबर आहेत.

कोणत्या अटीवर घ्यावं, तेही सांगते. या घरातून उरणारे आठ महिने २० वर्षांच्या आणि ९ टक्क्यांच्या हिशेबाने जेमतेम ७४ महिन्यांचं कर्ज ओढू शकतात, १६० चं नाही. भाड्याच्या इमारतींना कर्ज देणारे बऱ्याचदा निव्वळ भाडं हप्त्याच्या १.२ ते १.२५ पट मागतात, कारण रिकामे महिने त्यांनीही पाहिलेले असतात. सव्वापट धरलं तर कर्ज ६० महिन्यांच्याही जरा आतच. बँक तुम्हाला १६० देतेय ती घराकडे बघून नाही, तुमच्या पगाराकडे बघून. तेव्हा एक तर तुमचे पैसे आणखी साठू द्या, नाही तर भाव पाडून मागा, नाही तर दुसरं घर शोधा. आणि कधीही घेतलंत तरी सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवूनच. त्या पैशाला दुरुस्तीसाठीही हात लावायचा नाही.

बोलणी पुढे नेलीत तर विकणाऱ्याच्या ६ टक्क्यांवर विसंबू नका. आत भाडेकरू आहे ना? मग चालू करार मागा, आणि मागच्या १२ महिन्यांत बँकेत खरंच काय जमा झालं त्या नोंदी मागा. करारातला आकडा आणि जमा झालेला आकडा वेगळे असतात, कधी भाड्यात देखभाल खर्चही धरलेला असतो, कधी भाडेकरू म्हणजे विकणाऱ्याचा मेहुणाच निघतो. शक्य झालं तर भाडेकरूच्या सहीचं साधं पत्र घ्या: भाडं किती, कधीपर्यंत भरलंय, अनामत रक्कम किती आणि कोणाकडे आहे. अनामतीवर लोक नेहमी फसतात. घर तुमच्या नावावर होतं, अनामत जुना मालक घेऊन जातो, आणि भाडेकरू निघताना ती तुमच्याकडे मागतो. व्यवहाराच्या किमतीतून ती तिथल्या तिथे वळती करून घ्यायची. आणि घर दुपारी बघून या, मग संध्याकाळी आणि चांगला पाऊस पडून गेल्यावर पुन्हा जा. आत राहणाऱ्या बाईंना सहज विचारा, "पाण्याचं कसं आहे?" दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कोणताही एजंट सांगणार नाही.

मात्र हे सगळं नंतर. आज भाडेकरूंना फोन करा आणि विचारा, डाग कधी वाढतो. रात्री झोपताना नळ बंद करून मीटरचा फोटो काढून पाठवायला सांगा, आणि सकाळी उठल्या उठल्या दुसरा. प्लंबरला त्यानंतर बोलवा, आणि तो येईल त्या दिवशी स्वतः तिथे हजर राहा.